आजार आईचा, फाइल मुलाकडे

न्यूरॉलॉजिस्टच्या ओपीडीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "काकू, तुम्ही जरा बाहेर बसता का?" काकू बाहेर बसतात. आत मुलगा, क्वचित मुलगी, आणि डॉक्टर. टेबलावर एमआरआय, रक्ताचे रिपोर्ट आणि काकूंनीच मघाशी काढलेलं घड्याळाचं चित्र, ज्यात बाराही आकडे एका बाजूला गर्दी करून उभे आहेत. थोड्या वेळाने मुलगा फाइल काखेत मारून बाहेर येतो आणि म्हणतो, "काही नाही गं, वय झालं की होतंच. गोळ्या दिल्यात." त्याच संध्याकाळी भावंडांचा नवा व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो. ग्रुपचं नाव 'आई'. आई सोडून सगळे त्यात.

माझं म्हणणं सरळ आहे. अल्झायमरचं निदान ज्याचं झालं त्याला ते सांगितलं पाहिजे: सुरुवातीलाच, आजाराचं नाव घेऊन, आणि जमल्यास डॉक्टरांच्याच तोंडून. यात मायेचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न अधिकाराचा आहे. या आजारात स्वतःचं स्वतः ठरवण्याची मुदत हळूहळू संपत जाते. ती संपायच्या आत काय ठरवायचं हे आजाऱ्याने ठरवायचं असतं. निदान लपवणारे आपण, प्रेमापोटी का होईना, ती मुदत त्याच्या हातून काढून घेतो. आणि ज्याने वेळेवर सगळं ठरवलं, त्याचंही पुढे टिकेल अशी सोय आपल्या कायद्यात नाही. तो प्रश्न घराबाहेरचा आहे, त्याकडे येतोच.

हा दोन-चार घरांचा मामला राहिलेला नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांत डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, प्रमाण 7.4 टक्के आहे, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. अल्झायमर हे त्यातलं सर्वांत मोठं कारण. खेड्यात अजून 'म्हातारचळ' म्हणून विषय संपतो. निदानापर्यंत पोचतात ती बहुतेक शिकलेली, मेडिक्लेम असलेली, गूगल करून डॉक्टरांकडे जाणारी घरं. नेमकी तीच घरं आजार्‍यापासून निदान लपवतात, हे मला जास्त खटकतं.

सांगण्याआधी निदान पक्कं हवं, हे ओघाने आलंच. बी-12ची कमतरता (आपल्या शाकाहारी घरांत ती पैशाला पासरी), थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, डोक्याला मार लागून मेंदूवर साचलेलं रक्त, यांतल्या कशानेही विस्मरण होतं आणि त्यातलं बरंचसं उपचाराने सुधारू शकतं. चाचण्यांचंही तसंच. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला 'शंभरातून सात वजा करत जा' म्हणायचं आणि तिचे गुण कापायचे, हा अन्याय आहे. म्हणून तर हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासासाठी निरक्षर माणसांना झेपेल अशी वेगळी चाचणी बनवावी लागली होती.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: "सांगितलं तर ती खचेल." या आक्षेपात एक गृहीतक लपलेलं आहे, की तिला अजून काही कळलेलं नाही.

ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षिकेचं निदान घरच्यांनी लपवलं होतं. डोनेपेझिल या अल्झायमरच्या औषधाची गोळी 'बी-कॉम्प्लेक्स' म्हणून दिली जायची. स्ट्रिपवरचं नाव दिसू नये म्हणून गोळ्या काढून जुन्या डबीत भरलेल्या. पुढे घर रंगवायला काढलं तेव्हा स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खाली उतरलं. दुधाचे खाडे मांडायच्या चौकटींमध्ये बाईंच्या वळणदार अक्षरात बारीक नोंदी होत्या. 'दूधवाल्याला दिले.' दोन चौकटी सोडून पुन्हा 'दूधवाल्याला दिले.' पुढच्या महिन्यात: 'दिले का? सूनबाईला विचारू नये.' या नोंदी डॉक्टरांकडे जायच्या कितीतरी आधीपासूनच्या होत्या. एकाच घरात दोन बाजूंनी एकच गोष्ट लपवली जात होती. बाई घरच्यांपासून लपवत होत्या, घरचे बाईंपासून, आणि दोघंही समोरच्याला जपत होते. काहीतरी बिघडलंय हे बाईंना सगळ्यांच्या आधी कळलं होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की हा आजार आहे, आपला गबाळेपणा नाही. मला वाटतं, ते कळलं असतं तर त्यांची निम्मी लाज गेली असती.

तरी भीती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. निदान ऐकून माणूस कोसळू शकतो. विशेषतः ज्यांना पासष्टीच्या आत हा आजार होतो, त्यांच्यात निदानानंतरचे पहिले काही महिने आत्महत्येच्या दृष्टीने जोखमीचे असतात, असं संशोधन आहे. पण मग त्यावरचा उपाय तो माणूस एकटा पडणार नाही हे बघणं हा आहे. कॅन्सरच्या बाबतीत आपण हे शिकलो. एकेकाळी तिथेही 'गाठ आहे, काढून टाकली' एवढंच सांगायची रीत होती. आज केमोला जाणार्‍या बाईला आपल्याला काय झालंय हे ठाऊक असतं, आणि तिच्याशी बोलायला समुपदेशकही असतो. अल्झायमरच्या ओपीडीत मात्र पेशंटशी बोलायला वेगळा माणूस नसतो, वेळ नसतो, आणि नातेवाईकांना सांगून टाकणं सगळ्यांनाच सोयीचं पडतं.

डॉक्टरांना एकट्याला दोष देता येणार नाही. त्यांच्या व्यवसायाची 2002 ची आचारनियमावली सांगते की आजाराचं गांभीर्य वाढवूही नये, कमीही करू नये, आणि रुग्णाच्या व कुटुंबाच्या हिताला आवश्यक तेवढी माहिती रुग्णाला, नातेवाइकांना किंवा त्याच्या जबाबदार मित्रांना असावी. या 'किंवा'मधून आपली अख्खी कुटुंबव्यवस्था आत शिरते. पण 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो 29 मे 2018 पासून लागू आहे, त्याहून स्पष्ट बोलतो. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणाचा आणि स्थळकाळाच्या भानाचा गंभीर बिघाड येतो, तेव्हा डिमेन्शियाला तो कायदा लावता येतो. आणि त्याचं कलम 22 म्हणतं, की आपल्या आजाराचं स्वरूप काय आणि त्यावर काय उपचार ठरले आहेत, हे समजेल अशा भाषेत जाणून घेण्याचा हक्क खुद्द आजारी माणसाला आहे. आपल्या घरांत या कलमाची गाठ कोणाशी पडलेली नसते.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा: "औषध तर नाही. मग सांगून उपयोग काय?" डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही जुनी औषधं लक्षणं काही काळ सावरतात, आजार थांबवत नाहीत, हे खरं. पण लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही नवी औषधं, ज्यांना अमेरिकेत अनुक्रमे 2023 आणि 2024 मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, ती फक्त सुरुवातीच्या टप्प्यासाठीच आहेत. फायदा माफक, खर्च अवाच्या सवा, आणि मेंदूत सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका. म्हणून वारंवार एमआरआय. हा जुगार खेळायचा की नाही हे कोणी ठरवायचं? ज्याच्या शिरेत सुई जाणार त्याने. ज्याला 'बी-कॉम्प्लेक्स' सांगितलंय तो कशाला संमती देणार?

औषधं बाजूला ठेवू. निदान वेळेवर सांगण्याचा खरा उपयोग दवाखान्याबाहेर आहे: बँकेत, सोसायटीच्या ऑफिसात, तलाठ्याकडे आणि दुय्यम निबंधकाकडे.

एक उदाहरण घेऊ. मुलगा न्यू जर्सीत, वडील पुण्यात. गेल्या खेपेला आला तेव्हा त्याने शहाणपणाने वडिलांकडून कुलमुखत्यारपत्र करून घेतलं, नोंदवलंसुद्धा. आता वडिलांना काही उमजेनासं झालं तरी फ्लॅट, ठेवी, आजारपणाचा खर्च आपण बघू, असं तो धरून चालतो. अमेरिकेत तसा कागद करता येतो, त्यामुळे त्याला शंकाही येत नाही. पण 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 201 सांगतं, की मुखत्यारपत्र देणार्‍याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की मुखत्यारकीच संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी तो कागद केला, नेमका त्याच दिवशी तो रद्दी होतो. ही विसंगती दीडशे वर्षांची आहे आणि तिच्यावर आपण सगळे मिळून डोळेझाक करतो. बँकेला कळवायचं नाही, मुखत्यारपत्र दाखवत राहायचं, एटीएमचा पिन सगळ्यांना ठाऊक. घराघरात कारभार असाच चालतो. चालतो तोपर्यंत चालतो. भावंडांत बिनसलं की सगळे कागद कोर्टात.

मग पालक नेमून घ्यावा म्हटलं, तर तिथेही रस्ता नाही. 1890 चा पालक आणि पाल्य कायदा अल्पवयीनांसाठी. 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. म्हातारपणचा डिमेन्शिया त्यात नाही. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात किमान मालमत्तेच्या व्यवस्थापनासाठी जिल्हा न्यायालयात जायची सोय होती. 2017 च्या कायद्याने तो जुना कायदा मोडीत काढला आणि ती सोयही गेली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाचं कलम आहे, पण एवढा कारभार त्यावर निभेल अशी खात्री कोणी देत नाही. शेवटी माणसं संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली थेट उच्च न्यायालयात जातात. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी पालक नेमण्याची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयानेही असे पालक नेमलेले आहेत. पण आईच्या स्वतःच्या ठेवीतून आईच्या डायपरचा खर्च करण्यासाठी गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गातल्या माणसाने उच्च न्यायालय गाठायचं, ही व्यवस्था आहे की थट्टा?

म्हणून मुदत संपायच्या आत जे करायचं त्याला इतकं मोल आहे. मृत्युपत्र, डॉक्टरांच्या दाखल्यासह. खात्यावर 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' असा शेरा. कुठे राहायचं, कोणाकडे नाही. शेवटी व्हेंटिलेटर हवा की नको. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलेली आणि जानेवारी 2023 मध्ये बरीच सोपी केलेली वैद्यकीय इच्छापत्राची ('लिव्हिंग विल'ची) पद्धत याच कामाची आहे. यातली प्रत्येक सही आईने स्वतः, समजून करायची. 'निदान झालं म्हणजे तिच्या सहीला आता अर्थ नाही' हा गैरसमज घरात तर असतोच, बँकेच्या काउंटरवरही असतो. सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये माणूस सकाळी काय खाल्लं ते विसरेल, पण घर धाकटीला द्यायचं की दोघांत वाटायचं हे पक्कं सांगेल. 2017 चा कायदाही क्षमता गृहीत धरूनच सुरुवात करतो: समोरची माहिती समजते का, निर्णयाचे परिणाम कळतात का, आपलं म्हणणं कसंही का होईना सांगता येतं का. रोगाच्या नावावरून कोणाची क्षमता बाद होत नाही.

हे उजेडात झालं नाही तर अंधारात होतं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलांना, नातवंडांना बक्षीसपत्राने द्यायची तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे, वरचे अधिभार वेगळे. हेतू चांगला होता. पण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात काय घडतं ते ज्याने पाहिलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. नव्या साडीतली आजी, शेजारी थोरला, एजंट बायोमेट्रिकवर अंगठा टेकवून घेतो, कॅमेर्‍याकडे बघायला सांगतो, आणि 'दस्त मान्य आहे ना?' या प्रश्नाला आजी हसून मान डोलावते. ती कुठल्याही प्रश्नाला हसून मान डोलावते. अल्झायमरच्या माणसाची ही सवयच असते, गोंधळ झाकायची. तिकडे मुली हक्कसोडपत्रावर सह्या करून केव्हाच मोकळ्या झालेल्या. निदान घरात सगळ्यांना, आणि आजीलाही, ठाऊक असतं तर हा दस्त होण्याआधी किमान कोणीतरी 'थांबा' म्हटलं असतं. लपवलेलं निदान लपवणार्‍याच्या फायद्याचं ठरू शकतं, हे उघड बोलायची वेळ आली आहे. लपवणारे सगळे तसे नसतात. पण व्यवस्था सगळ्यांना सारखीच सूट देते.

आणि हे फक्त जमीनजुमल्याचं नाही. जॉर्ज फर्नांडिस आठवतात? मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना, महापालिकेच्या कामगारांना संघटित करणारा, 1967 मध्ये दक्षिण मुंबईत काँग्रेसच्या स. का. पाटलांना पाडणारा, 1974 चा रेल्वे संप उभा करणारा माणूस. 2009 मध्ये पक्षाने प्रकृतीचं कारण देऊन तिकीट नाकारलं, तर मुझफ्फरपूरमधून अपक्ष उभे राहिले. नंतर त्यांना अल्झायमर असल्याचं सगळ्या देशाला कळलं. 2010 मध्ये त्यांनी कोणाजवळ राहायचं, कोणी त्यांना भेटायचं, यावरून पत्नी आणि भाऊ दिल्ली उच्च न्यायालयात समोरासमोर आले. जवळच्या सहकारी जया जेटली यांच्या भेटीचा प्रश्नही न्यायालयात गेला. 29 जानेवारी 2019 ला ते गेले. कोणाची बाजू खरी होती यात मला पडायचं नाही. कदाचित सगळ्यांचाच जीव त्यांच्यात होता. मला दिसतं ते एवढंच: आयुष्यभर इतरांच्या वतीने बोललेल्या माणसाला स्वतःबद्दल काय हवं होतं, हे इतरांना न्यायाधीशांपुढे मांडावं लागलं. देशाच्या माजी संरक्षणमंत्र्याची ही गत, तर चाळीतल्या काकूंचं कोण विचारतो?

'सांगा' म्हणजे सगळ्यांना, कायम, सक्तीने सांगा असं मी म्हणत नाही. काहींना खरंच ऐकायचं नसतं, आणि तोही अधिकारच आहे. पण मग ते त्यांना विचारून ठरावं. "आई, तपासणीचं काय निघालं ते तुला ऐकायचंय, का मी बघू?" हा प्रश्न विचारायला मिनिटसुद्धा लागत नाही. तपासणीला नेण्याआधीच विचारला तर उत्तम. आणि आजार पुढे गेल्यावर हिशोब पार बदलतो. आई संध्याकाळी दारात उभी राहून 'हे अजून कसे आले नाहीत' विचारते, आणि 'हे' जाऊन बारा वर्षं झालीत, तेव्हा तिला रोज नव्याने विधवा करण्यात कसला आलाय खरेपणा? तिथे 'येतील, तोवर चहा घेऊ' हेच बरोबर. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. सुरुवातीला, जेव्हा तिला सत्य पेलतं आणि उपयोगी पडतं, तेव्हा आपण खोटं बोलतो. आणि शेवटी, जेव्हा ते तिला नुसतं टोचतं, तेव्हा 'अगं आई, असं काय करतेस, बाबा जाऊन किती वर्षं झाली' म्हणून ओरडतो.

ज्यांना निदान सांगितलं जात नाही अशांत आणखी एक व्यक्ती असते: सून. फाइल मुलाच्या हातात, अंघोळ सुनेच्या हातात. सासूबाई 'माझ्या पाटल्या हिने चोरल्या' म्हणतात तेव्हा तो संशय आजाराचा भाग आहे हे तिला कोणी सांगितलेलं नसतं, सासूबाईंच्या बहिणींना तर नाहीच नाही. कित्येक घरं या एका वाक्यावर फुटली आहेत. उघड निदानाने संशय जाणार नाही, पण बोट तरी रोगाकडे जाईल.

आता मागणी. केंद्राने करार कायद्याचं कलम 201 दुरुस्त करून, क्षमता गेल्यावरही टिकणारं, किंबहुना तेव्हाच अमलात येणारं मुखत्यारपत्र आणावं. इंग्लंडने 2005 च्या कायद्याने ते आणलं, सिंगापूरने 2008 मध्ये. नोंदणी, देखरेख, गैरवापर झाला तर कारवाई, अशा सगळ्या कुंपणांसकट. नुसतं मुखत्यारपत्र टिकवलं आणि कुंपण घातलं नाही, तर थोरल्याला आयतं कुरण मिळेल, एवढी काळजी घ्यावीच लागेल. दिल्लीने मनावर घ्यायची वाट बघायलाच हवी असंही नाही. करार हा विषय समवर्ती सूचीत आहे. महाराष्ट्र विधिमंडळ दुरुस्ती करून राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी पाठवू शकतं. महिलांच्या, ज्येष्ठांच्या नावाने योजनांची घोषणा करणार्‍या सरकारांना यात पैसाही फारसा घालावा लागणार नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर 2017 च्याच कायद्यातलं कलम 14 हाताशी आहे: पुढे या आजाराच्या उपचारांबाबत माझ्या वतीने कोणी बोलायचं, हे आईला स्वतः ठरवून लिहून ठेवता येतं. पैशाअडक्याला त्याचा उपयोग नाही, पण दवाखान्यात आहे. त्याला मुद्रांक लागत नाही, वकील लागत नाही. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला की झालं. फक्त त्या कागदावर मुलाचं नाव येतं, मुलीचं, की शेजारच्या वहिनींचं, हे आईला ठरवू द्यायचं. आणि त्यासाठी ती कशाला सही करतेय, हे तिला आधी सांगावं लागेल.